फ्रिज बामणोलीतही चालला पाहिजे

कॅम्पर व्हॅनला दुसरी बॅटरी बसवायची म्हटलं की जो तो विचारतो, "किती एएचची?" म्हणजे किती अँपिअर-अवर वीज साठवणारी. सातारा जिल्ह्यात फिरायचं असेल तर त्याआधी विचारायला हवं, की ती भरणार कशी? जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर, तिथं वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. दुसऱ्या टोकाला माण, तिथं ५०० झाला तरी लोक वर्ष बरं गेलं म्हणतात. टपावरचं सोलर पॅनेल म्हसवडला जे देईल ते जुलैत कासच्या धुक्यात कुठून देणार? आम्हाला दोन्हीकडे जायचं होतं आणि बायकोला सुट्टी मिळाली ती नेमकी भर पावसात.

विजेच्या खर्चाचा हिशोब घरीच केला होता. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना ४०-४५ वॅट घेतो, पण सतत चालत नाही, त्यामुळे दिवसाला ३०-३५ अँपिअर-अवर धरले. दिवे, पाण्याचा पंप, पंखा, फोन, बायकोचा लॅपटॉप मिळून सगळं ६० च्या घरात. इंडक्शनचा विषय तिथंच संपला. २,००० वॅटची शेगडी इन्व्हर्टरवर चालवायची तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून पावणेदोनशे अँपिअर ओढणार. चहा गॅसवरच बरा.

मावसभावाच्या ओळखीचे ऑटो इलेक्ट्रिशियन साताऱ्यात एमआयडीसीच्या बाजूला बसतात. गाडी त्यांच्याकडे नेली. मिस्त्रींनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि निकाल दिला.

"पावणं, १५० ची ट्यूब्युलर टाका. घरच्या इन्व्हर्टरला लोकं वर्सानुवर्सं वापरत्यात. उगं लिथियमच्या नादाला लागू नका."

घरासाठी त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं. ट्यूब्युलरच्या प्लेटा जाड असतात आणि ती खोलवर उतरलेली सोसते. गाडी स्टार्ट करायच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ, ती क्षणभर मोठा करंट देण्यासाठी बनवलेली. रोज फ्रिजवर उतरवली तर लवकर मरते. म्हणजे ट्यूब्युलर त्यातल्या त्यात बरी. पण तिचं वजन ५० किलोच्या वर, चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, आणि आमच्या गाडीत तिची जागा झोपायच्या फळीखाली. शिवाय ट्यूब्युलर काय किंवा कुठलीही लेड-अॅसिड (शिसं-आम्लाची) बॅटरी काय, अर्ध्याखाली उतरवू नये, म्हणजे १५० मधले हाती ७५ च.

मला खरी अडचण वाटत होती ती भरण्याची. अशी बॅटरी साधारण तिच्या दहा टक्के करंटनं भरायची असते, म्हणजे १५ अँपिअर. ७५ परत घालायला पाच तास, वर शेवटचा टप्पा कूर्मगतीचा. साताऱ्यातल्या साताऱ्यात रोज पाच तास गाडी कोण चालवतं? १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ३० अँपिअर आरामात घेते, ८०-९० टक्के वापरता येते आणि वजन १२ किलोच्या आसपास.

बायकोची शंका वेगळी होती. इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याचे व्हिडिओ तिनं पाहिले होते. फॉस्फेटची रसायनं इतर लिथियम प्रकारांपेक्षा उष्णतेला बरीच स्थिर असतात, आणि आतला बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट, व्होल्टेज, करंट नाहीतर तापमान हाताबाहेर जायला लागलं की बॅटरीची जोडणी तोडून टाकतो. तिला हे पटलं, पण डोक्याशी धूर ओळखणारा अलार्म लावायच्या अटीवर. अट रास्त होती.

मिस्त्रींनी लिथियम मान्य केली, पण गाडी पुढच्या मुद्द्यावर अडली: चालत्या इंजिनवर ती भरायची कशी. "डीसी-डीसी चार्जर कशाला? रिले टाकतो. इंजिन चालू झालं की दोन्ही बॅटऱ्या जोडल्या जातील. झालं काम." जुन्या गाड्यांत होतंही. बीएस-६ च्या, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या, बऱ्याच गाड्यांत मात्र अल्टरनेटरचं (इंजिनवर फिरून वीज करणाऱ्या यंत्राचं) व्होल्टेज गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. हे तोंडानं सांगून पटणारं नव्हतं, म्हणून मीटरची टोकं बॅटरीला लावून वायर आत घेतली, मिस्त्रींना शेजारी बसवलं आणि गाडी यवतेश्वरच्या घाटाला घातली.

चढाला इंजिनवर ताण आला तसा आकडा घसरत १२.६ वर आला. म्हणजे अल्टरनेटर जवळपास झोपलेला. वर जाऊन गाडी वळवली, उताराला अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की लगेच १४.८. मिस्त्री मीटर मांडीवर घेऊन दोन वळणं गप्प होते. मग म्हणाले, "लबाड हाय की ओ ही गाडी!" अशा गाडीत रिलेवर लिथियम कधी अर्धपोटी राहील, तर कधी मागेल तितका करंट ओढून अल्टरनेटर तापवेल. डीसी-डीसी चार्जर पुढून काहीही आलं तरी मागं ठरलेल्या व्होल्टेजनं ठरलेलाच करंट देतो. ३० अँपिअरचा घेतला.

एकदा पटल्यावर मिस्त्रींनी जे काम केलं ते बघण्यासारखं होतं. पुढच्या बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवरचा छोटा सेन्सर त्यांच्याच नजरेत आला. जाणारा-येणारा करंट तो मोजतो, त्यामुळे चार्जरची निगेटिव्ह थेट टर्मिनलला लावली असती तर कॉम्प्युटरचा हिशोब बिघडला असता. त्यांनी चेसिसवरचा रंग घासून चकचकीत पत्रा काढला आणि वायरच्या टोकाची लग तिथं बोल्टनं आवळली. फळीखाली भोकं पाडण्याआधी ते गाडीखाली झोपून डिझेलची टाकी नेमकी कुठे येते ते हातानं चाचपून आले. बॅटरीची पट्टी पत्र्याच्या खालून जाड प्लेट देऊन बसवली, कारण जोरात ब्रेक लागला तर १२ किलोचा ठोकळा सुटून पुढं येता कामा नये.

केबलसाठी मात्र मी हटून बसलो. दुकानात ६ चौरस मिलिमीटरची हाताशी होती. ३५ अँपिअरला पाच मीटरमध्ये तीत अर्धा व्होल्ट वाटेतच जातो. १६ ची घेतली तर ०.२. फ्यूज दोन्ही टोकांना. वायरच्या दोन्ही बाजूंना बॅटरी आहे, मधे कुठं घासून शॉर्ट झाली तर आग दोन्हीकडून येईल. "एक बास की," असं मिस्त्री एकदा पुटपुटले, पण दुसरा फ्यूजही त्यांनीच शोधून आणला.

संध्याकाळी कास ओलांडून कोयनेच्या जलाशयाकाठचं बामणोली गाठलं. पठारावर समोरचं दहा फूट दिसत नव्हतं आणि फुलांना अजून अवकाश होता, त्यामुळे थांबलोच नाही. पावसाळ्यात वासोटा किल्ला बंद असल्यानं बामणोलीत गर्दी नव्हती. एका घराच्या अंगणात परवानगी काढून गाडी लावली. रात्री वाऱ्यापावसात गावातली लाईट गेली. काकू पिठलं-भाकरीचं ताट घेऊन आल्या त्या हातात दोन फोन घेऊनच. "तुमच्या गाडीत चार्ज हुत्यात का?" मग शेजारचेही दोन आले.

दुसऱ्या दिवशी पॅनेल २०० वॅटचं असून एका अँपिअरच्या वर गेलं नाही. समोर शिवसागर जलाशय पसरलेला, त्याच्या पाण्यावर कोयनेचा १,९६० मेगावॅटचा प्रकल्प चालतो, आणि आम्ही दुसऱ्या अँपिअरसाठी आभाळाकडे बघत बसलेलो. दुपारी निघालो तेव्हा बॅटरी ४० टक्क्यांवर होती. साताऱ्यात उतरेपर्यंत दीड तासात ८० च्या पुढं.

तिथून कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी करत गोंदवल्याला. पुसेगावच्या पुढं काच पुसायची गरज संपते. ढग वर असतात पण कोरडे, मधूनच ऊन पडतं. पॅनेल १०-११ अँपिअर देऊ लागलं आणि मी खूश झालो. पण गाडी उन्हात लावली की पॅनेल सुखी नि माणसं हैराण. फळीखालची बॅटरीही तापते, आणि उष्णता तिचं आयुष्य खाते. बायकोनं तासाभरात फर्मान काढलं, "गाडी त्या लिंबाखाली घे." घेतली. सावलीत पॅनेलचा आकडा पुन्हा बामणोलीच्या वाटेला लागला. दुसऱ्या दिवशी म्हसवडला सिद्धनाथाचं दर्शन घेऊन आलो. जाऊन-येऊन तासाभराचं ड्रायव्हिंग झालं आणि ३० अँपिअर-अवर परत आत आले.