रेघेबाहेरची माणसं

परवा दुपारी मेथीच्या दोन जुड्या घेऊन सोफ्यावर बसले होते. बाहेर न्यू जर्सीचा फेब्रुवारी, म्हणजे अंगणातला बर्फ काळा पडलेला. मेथी निवडताना डोळ्यांसमोर काहीतरी हलतं असलं की बरं वाटतं, म्हणून टीव्हीवर यूट्यूब लावलं. सुपर बोलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा आठवडा असल्यामुळे त्याने आपणहून एक जुना तुकडा पुढे केला. २०१३ सालचा सुपर बोल, न्यू ऑर्लिन्सचं सुपरडोम. बाल्टिमोर रेव्हन्स आणि सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स. दोन्ही संघांचे प्रशिक्षक सख्खे भाऊ, जॉन आणि जिम हार्बॉ. तिसरा क्वार्टर नुकता सुरू झालेला आणि लाइट गेली.

अमेरिकेत, सुपर बोलमध्ये, लाइट गेली! अर्धं स्टेडियम अंधारात. खेळ ३४ मिनिटं बंद. आमच्यासारख्या मेणबत्तीच्या उजेडात पाढे पाठ केलेल्या माणसांना अशा वेळी जो आनंद होतो तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्या रात्री इथल्या मराठी घरांमधून किती जणांनी भारतात फोन करून ही बातमी दिली असेल!

पण परवा लक्ष गेलं ते भलतीकडेच. लाइट गेली तसे समालोचकांचे आवाजही गेले. जिम नँट्झ आणि फिल सिम्स वरच्या खोलीत बसून बोलत होते, त्यांचे माइक बंद पडले. पडद्यावर चित्र आहे, खेळाडू गवतावर बसून पाय ताणतायत, आणि सांगणारं कोणी नाही. मग मैदानाच्या कडेवरून आवाज आला. स्टीव्ह टास्कर. साइडलाइन रिपोर्टर. अर्ध्या स्टेडियमची वीज गेलीय, एवढीच त्याची बातमी. पण ती द्यायला त्या घटकेला तोच होता.

मी मेथी खाली ठेवली.

कारण वर आवाज गेलेला फिल सिम्स म्हणजे १९८७ च्या सुपर बोलचा एमव्हीपी. सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू. त्याने पंचवीस पास फेकले आणि बावीस हातात पडले, अजून लोक नाव काढतात. आणि खाली बोलणारा टास्कर बफेलो बिल्सचा. त्याचं काम किक पडली की जिवाच्या आकांताने पळत जाऊन समोरच्याला आडवा करायचं. बिल्स १९९१ ते १९९४ असे ओळीने चार सुपर बोल खेळले आणि चारही हरले. टास्कर चारही वेळा त्या संघात होता.

मला खेळातलं फार कळतं असं नाही. डाऊन, यार्ड, होल्डिंग हे मुलाच्या शाळेपासून कानावर पडून पडून आलं. पण खोड एक आहे. सामना चालू असला की माझे डोळे रेघेबाहेर जातात. पाण्याच्या बाटल्या घेऊन पळणारी पोरं, गुडघ्याला बर्फ बांधून बसलेला कोणी, साखळी धरून दहा यार्ड मोजणारे, आणि माइक धरून थंडीत उभी असलेली ती बाई. मुलगा ओरडतो, "आई, बॉल बघ ना!" बॉलकडे दहा कोटी लोक बघतायत की.

या खोडीचं मूळ परळच्या मैदानात आहे. आमचा धाकटा काका मिलमध्ये होता आणि संध्याकाळी कबड्डी खेळायचा, डावा कोपरारक्षक. चढाईला आलेल्याचा पाय किंचित लांबला की काका खाली झेपावून घोटा धरायचा. धरला की सुटत नसे. बाकीचे चौघे-पाचजण मग त्या चढाईपटूवर कोसळायचे, आणि गुण झाला की लोक वरच्या माणसाच्या नावाने ओरडायचे, कारण तोच दिसायचा. काका सगळ्यात खाली. उठायचा तेव्हा तोंडात माती आणि कोपर सोललेलं. आम्ही पोरं चुन्याच्या रेघेला चिकटून बसायचो, त्यामुळे त्याचा हात आम्हाला दिसायचा: आधी बोटं उघडी, जमिनीपासून वीतभर, आणि मग एकदम मिटलेली.

शेवटच्या रात्री टेबलावर बक्षिसं मांडलेली असायची. उत्कृष्ट चढाईला कुकर, उत्कृष्ट पकडीला भिंतीवरचं घड्याळ, आणि अष्टपैलूला कधी सायकल, कधी मिक्सर. एका वर्षी घड्याळ काकाला मिळालं. आजीला कुकर हवा होता. "घोटे धरून काय मिळालं, तर वेळ!" असं ती म्हणाली आणि घड्याळ मोरीवरच्या भिंतीला लावलं. ते रोज दहा मिनिटं मागे पडायचं. पण खरी मजा बक्षिसं वाटून झाल्यावर, चाळीच्या गॅलरीत. अष्टपैलू त्याला का दिलं? पंच त्याच्या आळीचे. नाही हो, त्याने शेवटच्या पाच मिनिटांत लोण फिरवला. अरे पण लोण फिरवायला समोर माणसं कमी कोणी केली? हे बारा वाजेपर्यंत. काका बोलायचा नाही, कोपराला हळद लावत बसायचा.

त्यामुळे मुलाने पहिल्यांदा माझ्यापुढे एमव्हीपीची तक्रार मांडली तेव्हा मला अगदी घरचं वाटलं. त्याच लाइट गेलेल्या सामन्याची तक्रार. एमव्हीपी झाला जो फ्लाको, रेव्हन्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा म्होरक्या. २८७ यार्ड आणि तीन टचडाऊन पास, म्हणजे चेंडू समोरच्या टोकापार पोचवणारे. वाईट नाही. पण जॅकोबी जोन्सने पूर्वार्धात ५६ यार्डांचा पास झेलून टचडाऊन केला होता, आणि उत्तरार्धाची पहिलीच किक आपल्या टोकाला धरून १०८ यार्ड पळत नेली होती. त्यानंतर थोड्याच वेळात लाइट गेली, जणू फ्यूज त्यानेच उडवला. एकाच सुपर बोलमध्ये झेलून आणि किक परतवूनही टचडाऊन! "आणि एमव्हीपी क्वार्टरबॅक," मुलगा कडवटपणे म्हणाला. मी म्हटलं, कुकर चढाईलाच जातो, बाळा.

त्याला ते कळलं नाही. पण हिशेब तोच. आक्रमक फळीतले पाच लाइनमन, तीनशे पौंडांची माणसं, सामनाभर क्वार्टरबॅकच्या पुढे भिंत धरून उभे असतात. त्यांच्यातल्या एकालाही आजवर सुपर बोलचा एमव्हीपी मिळालेला नाही. किक परतवणाऱ्याला मिळाला तो एकदाच, १९९७ मध्ये डेस्मंड हॉवर्डला, आणि तेही याच न्यू ऑर्लिन्समध्ये. हंगामाच्या मोठ्या एमव्हीपीचंही तेच. २०१२ च्या हंगामात चेंडू घेऊन पळणाऱ्या एड्रियन पीटरसनला मिळाला, पुढची कितीतरी वर्षं क्वार्टरबॅकशिवाय कोणाला नाही. १९८२ मध्ये मात्र मार्क मोझली नावाच्या किकरला दिला होता. संपामुळे हंगाम अर्धवट झालेला, कदाचित मतदारही संपावर असतील.

सुपर बोलची मतं सामना संपायच्या आधीच, शेवटच्या काही मिनिटांत गोळा करतात, हे कळलं तेव्हा मी खूप हसले. पत्रकार आणि प्रक्षेपणवाले यांचं ऐंशी टक्के वजन, प्रेक्षकांचं वीस. निकाल लागायच्या आत उत्तम खेळाडू ठरवायचा! परळच्या टेबलामागचे पाहुणे निदान शिट्टी वाजेपर्यंत थांबायचे. १९७१ मध्ये तर हरलेल्या डॅलसच्या चक हाउलीला दिला होता. बाल्टिमोरने शेवटच्या पाच सेकंदांत किक मारून सामना काढला आणि बक्षीस गेलं पलीकडे. हरलेल्या संघातला तोच एकटा. मला हा निवाडा फार आवडतो.

२०१५ मध्ये एमव्हीपीची गाडी न्यू इंग्लंडचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीला मिळाली. पण सामना वाचवला होता त्याच्याच संघातल्या माल्कम बटलरने, अगदी गोलरेषेवर पास मधल्यामध्ये पळवून. ब्रेडीने गाडी बटलरला देऊन टाकली. शहाणा माणूस. दोन वर्षांनी २८-३ अशी पिछाडी भरून काढली तेव्हा जेम्स व्हाइटने वीस गुण केले, चौदा पास झेलले, आणि एमव्हीपी पुन्हा ब्रेडीच. आता दर वेळी किती गाड्या वाटणार बिचारा.

साइडलाइन रिपोर्टर या प्रकाराची सुरुवात १९७४ ची, कॉलेज फुटबॉलपासून. एबीसी वाहिनीने कॉलेजातल्या शेकडो मुलांमधून जिम लॅम्प्ली वगैरे पोरं निवडली आणि मैदानाच्या कडेला उभी केली. पुढे लेस्ली व्हिसरसारख्या बायका आल्या. लोक अजून विचारतात, यांचा उपयोग काय? मध्यंतराला प्रशिक्षकाला गाठायचं, दोन प्रश्न विचारायचे, आणि तो सांगणार की आम्हाला चांगलं खेळायला हवं. आठवडाभर टिपणं काढायची, आदल्या दिवशी खेळाडूंशी बोलायचं, आणि सामन्यात मिळणार वीस-वीस सेकंद. कानात निर्मात्याचा आवाज, समोर ऐंशी हजार लोकांचा, आणि यातून सांगायचं की अमक्याचा घोटा दुखावलाय, तो परतेल की नाही नक्की नाही. पॅम ऑलिव्हरच्या तर २०१३ मध्ये सरावातला एक पास थेट डोक्यावर बसला.

२०१९ च्या सुपर बोलनंतर ट्रेसी वुल्फसन ब्रेडीपर्यंत पोचायला निघाली तो प्रसंग आमच्या घरी तोंडाला हात लावून बघितला. कॅमेरेवाल्यांच्या गर्दीत ती पुढे, मागे, पुन्हा पुढे. ब्रेडी हाताच्या अंतरावर, पण तो कोणाकोणाला मिठ्या मारतोय आणि हिला धक्के बसतायत, सगळं थेट प्रक्षेपणात. दादर स्टेशनवर पाच बावन्नची फास्ट पकडलेली बाई असती तर दहा सेकंदांत पोचली असती, असं मी म्हणाले. पण तिने माइक सोडला नाही.

आणि २०१४ चा रिचर्ड शर्मन. सुपर बोलच्या अलीकडचा सामना, सिअॅटल आणि सॅन फ्रान्सिस्को. सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रॅबट्रीसाठी आलेला चेंडू सिअॅटलच्या शर्मनने बोटांनी उडवला, सिअॅटल जिंकलं, आणि पुढच्याच क्षणी एरिन अँड्र्यूजने माइक पुढे धरला. तो जे ओरडला ते देशभर आठवडाभर गाजलं. आपल्याइतका भारी कोणी नाही आणि क्रॅबट्री म्हणजे कोण, असा एकूण आशय. ती दचकली, तरी पुढचा प्रश्न विचारलाच. लोकांना ते ओरडणं आठवतं. शर्मनने उडवलेला तो चेंडू झेलला कोणी हे कोणाला आठवत नाही. माल्कम स्मिथने. दोन आठवड्यांनी सुपर बोलचा एमव्हीपी झाला तोच. खालच्या माणसाला कधीतरी मिळतं, अगदीच नाही असं नाही.

इथपर्यंत सगळी गंमत आहे. मुलगा आणि मी भांडतो, हे चहा करतात.

२०२३ च्या २ जानेवारीला मात्र आम्ही भांडलो नाही. सिनसिनाटीचा सामना, पहिला क्वार्टर, बिल्सचा डामार हॅम्लिन एकाला पाडून उठला आणि मागच्या मागे कोसळला. हृदय थांबलं होतं. बिल्सच्या खेळाडूंनी भोवती कडं केलं, आत काय चाललंय ते कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून. वर समालोचनाला जो बक आणि ट्रॉय एकमन. एकमन १९९३ चा एमव्हीपी, तोही बिल्सलाच हरवून झालेला. त्या रात्री वरच्यांना सांगण्यासारखं काही नव्हतं. खाली लिसा सॉल्टर्स होती. आवाज कापत होता, पण डोळ्यांना दिसलं तेवढंच ती सांगत राहिली. मी टीव्हीपुढे उभीच होते. माझाही मुलगा त्याच्याच वयाचा.

हॅम्लिन वाचला. शुद्धीवर आल्यावर त्याने विचारलं म्हणे, आपण जिंकलो का? पुढच्या हंगामात तो परत खेळला, पाच सामने. आणि मग आला तो पुरस्कार, कमबॅक प्लेयर ऑफ द इयर, वर्षातल्या सर्वोत्तम पुनरागमनाचा. मतदार पन्नास. पहिल्या पसंतीची मतं हॅम्लिनला एकवीस आणि जो फ्लाकोला तेरा. हो, तोच फ्लाको. अडतीस वर्षांचा, नोव्हेंबरपर्यंत कोणत्याच संघात नव्हता, घरी बसलेला. क्लीव्हलँडने बोलावलं आणि त्याने त्यांना प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत नेलं. दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीची बेरीज झाली आणि फ्लाको १५१ विरुद्ध १४० गुणांनी जिंकला. सोफ्यावरून परतणं मोठं की मरणाच्या दारातून, यावर देशभर वाद पेटला. पुढच्या हंगामासाठी हा पुरस्कार देणाऱ्या एपी वृत्तसंस्थेने निकषच नीट लिहून काढले. मुलगा दोन दिवस चिडलेला होता. लोकांना त्यावर मतं घ्यावीशी वाटली यातच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण मी बोलले नाही.

त्याच्या आधीच्या जुलैत, एस्पी या क्रीडा पुरस्कारांच्या सोहळ्यात, आणखी एक पुरस्कार दिला गेला होता, फुटबॉल सोडून सैन्यात गेलेल्या पॅट टिलमनच्या नावाचा. बिल्सच्या वैद्यकीय पथकाला. त्या रात्री रेघेबाहेरून धावत आत गेलेली, छाती दाबणारी माणसं मंचावर ओळीने उभी होती, आणि पुरस्कार द्यायला हॅम्लिन आला होता. त्याला बोलता येईना, तो रडतच होता.

त्या पुरस्कारावरून आमच्या घरी काही वाद झाला नाही.