असाही नदीच्या काठी धपाटे

ओकायामा हे आमच्यापैकी कुणाचंच गाव नाही. मी तोक्योला असतो, ती नागोयाला आणि तो फुकुओकाला. तिघांना मधलं पडतं म्हणून ओकायामा निवडलं, असं आम्ही आपापल्या घरी सांगितलं. ते खोटं होतं. शिंकान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, त्या दोघांना पावणेदोन तास पुरतात, मला जवळपास साडेतीन लागतात. खरं कारण पुण्यात, सिंहगड रस्त्यावर आहे.

2008 साली आम्ही तिघं रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकत होतो. तेव्हा जपानी भाषेच्या परीक्षेच्या चारच लेव्हल होत्या, पाच झाल्या त्या 2010 पासून. तिसऱ्या लेव्हलच्या कांजी, म्हणजे जपानीतली चित्राक्षरं, आम्ही पु. ल. देशपांडे उद्यानात बसून घोकली. ते उद्यान 2006 साली सुरू झालं, त्याला पुणे-ओकायामा मैत्री उद्यान असंही म्हणतात, आणि ते ज्याच्यावरून बेतलं ते कोराकुएन ओकायामात आहे. ‘एकदा ओरिजिनल बघू या’ असं आमच्यातलं कुणीतरी तेव्हा म्हणालं होतं. कोण, यावर अजून एकमत नाही.

गोल्डन वीकमध्ये, म्हणजे एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीच्या जोडसुट्ट्यांत, प्रवास करू नये हे मला एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं. या दिवसांत ‘नोझोमी’ या सगळ्यात वेगवान शिंकान्सेन गाड्यांचे सगळे डबे आरक्षित असतात. ऐन वेळी चढलात तर दोन डब्यांच्या मधल्या जागेत उभं राहायचं. पण तिघांना एकदम सुट्टी मिळणार ती याच दिवसांत. त्यातही 4 मे, म्हणजे जपानचा ‘हिरवाईचा दिवस’. बागेत जायला याहून चांगला मुहूर्त कुठला?

गाडीत लॅपटॉप उघडायचा नाही असं ठरवलं होतं, आणि शिन-योकोहामा यायच्या आतच उघडला. जपानात सुट्टी असली तरी पुण्यात नव्हती. मी ‘ब्रिज एसई’ आहे, म्हणजे जपानी ग्राहक आणि पुण्यातली टीम यांच्यामधला पूल. दोन्हीकडची माणसं त्यावरून चालतात आणि पूल हलला की दोन्हीकडून तक्रार येते. ग्राहक म्हणतो, ‘केन्तो शिमासु’, विचार करतो. पुण्याला वाटतं, काम मिळालं. पुणं म्हणतं, ‘होऊन जाईल’, आणि ग्राहक तारीख लिहून घेतो. साडेतीन तासांचा वेळेतला फरक सांभाळता येतो, हा दुसरा फरक नाही.

स्टेशनवर ती आधीच उभी होती, हातात कापडी पिशवी. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात ती दुभाषी आहे, आणि आता तिला वेल्डिंगबद्दल जेवढं जपानीत बोलता येतं तेवढं मराठीत येत नाही. तो दहा मिनिटांनी आला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघून नकळत कमरेत वाकलो. तोही वाकला. मग तिघंही भर गर्दीत खो-खो हसत सुटलो. पंधरा वर्षांपूर्वी याच माणसाच्या पाठीत मी धपाटा घातला असता.

ट्रामनं शिरोशिताला उतरून दहाएक मिनिटं चाललं की कोराकुएन. इकेदा त्सुनामासा या सरदारानं बांधून घेतलेली ही बाग 1700 साली पुरी झाली, आणि जपानच्या तीन नामांकित बागांत तिची गणना होते. मी पुण्याच्या बागेचं मोठं रूप बघायला म्हणून आलो होतो. पण आत शिरताच जाणवलं ते रिकामपण. केवढी मोठी हिरवळ! मध्ये भाताचं छोटं खाचर, चहाचा मळा आणि पिंजऱ्यात लाल टोपीचे क्रौंच. मागे ओकायामाचा काळा किल्ला असा उभा, की वाटावं तो बागेतलाच आहे. याला ‘शाक्केई’ म्हणतात, उसनं घेतलेलं दृश्य. किल्ल्याचा मुख्य बुरूज 1945 च्या बाँबहल्ल्यात जळाला, आताचा 1966 चा.

‘‘पुण्यातही उसनं आहे,’’ तो म्हणाला. ‘‘रिक्षांचे हॉर्न.’’

‘‘आणि गवतावर पाय पडला की शिट्टी,’’ ती म्हणाली.

आम्ही सगळ्यात जास्त वेळ बसलो ते ‘र्‍युतेन’मध्ये. तळमजल्याला भिंतीच नाहीत, नुसते खांब, आणि घराच्या मधोमध वाहणारा पाण्याचा पाट. 1945 च्या आगीतून वाचलेल्या थोड्या वास्तूंपैकी ही एक. कोकणातल्या घरी मागीलदारी पाटाचं पाणी खेळवतात, इथे ते थेट माजघरातून नेलंय. शेजारी एक आजोबा बसले होते. ते पाण्याकडे बघत म्हणाले, ‘‘सुझुशिई देसु ने.’’ गार वाटतंय ना. हा ‘ने’ म्हणजे आपला ‘ना’च. दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी, विभक्ती शब्दाला मागून चिकटलेली, वर हा ‘ना’. पुणेकरांना जपानी बरी जमते त्यात हुशारीचा वाटा थोडाच आहे, पण हे पुण्यात बोलायची सोय नाही.

जेवणाचा प्रश्न नेहमीचा. ती शाकाहारी, आणि इथे साध्या सोबा नूडल्सच्या रश्श्यातही सुक्या माशाचा अर्क असतो. मी आणि त्यानं ओकायामाची बाराझुशी घेतली, हा सुशीचाच एक प्रकार. इथल्या एका सरदारानं एका वेळी एकच कालवण असा हुकूम काढला, म्हणून लोक मासे भाताखाली लपवू लागले, अशी या बाराझुशीची गोष्ट सांगतात. मग नदीकाठी जाऊन बसलो. नदीचं नाव असाही. ‘‘असाही काठ, तसाही काठ,’’ हा विनोद त्यानं केला आणि आम्ही तो सहन केला. तिच्या पिशवीतून निघाले धपाटे आणि लसणीची चटणी. लपवलेल्या माशांकडे मग कुणी बघेना.

‘‘तुझं युनिव्हर्सिटीतलं कायमचं झालं का?’’ तिनं विचारलं.

तो नदीकडे बघत म्हणाला, ‘‘ते ना... चोत्तो...’’

‘चोत्तो’ म्हणजे जरा. वाक्य तिथेच सोडायचं असतं, आणि समोरच्यानं उरलेलं मनात पुरं करून गप्प बसायचं असतं. मी गप्प बसलो. मला ते आता सवयीनं जमतं, आणि त्या क्षणी त्या सवयीची लाज वाटली.

‘‘चोत्तो काय?’’ ती म्हणाली. ‘‘नाही म्हणाले का?’’

‘‘नाही म्हणाले. करार मार्चपर्यंतच आहे. मग पुणे.’’

मग तो पाऊण तास बोलत होता. मुलगी जपानी शाळेत जाते, मराठी वाचता येत नाही तिला. आईचे गुडघे. चाळिशीत पुण्यात नव्यानं नोकरी शोधायची. सगळं मराठीत, वाक्यं पुरी करत. तिनं शेवटच्या धपाट्याचे तीन तुकडे केले आणि मोठा त्याच्या हातात ठेवला.

संध्याकाळी स्टेशनवर त्याची गाडी पश्चिमेची, आमची पूर्वेची. जिन्यापाशी तो थांबला. ‘‘पुढच्या वर्षी दिवाळीत या. डुप्लिकेट बाग बघायला जाऊ.’’

‘‘बघू,’’ मी म्हणालो.

‘‘बघू काय?’’ ती माझ्याकडे वळली. ‘‘तारीख सांग.’’