निवडक जॉब आणि न हलणारा पिवळा ठिपका

आज दिवसभर सीआय, म्हणजे कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणारी व्यवस्था. पुल रिक्वेस्टमध्ये (आपले बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती) बदल फक्त रीडमीत, म्हणजे माहितीच्या फाइलमध्ये, मग सगळ्या टेस्ट कशाला पळवायच्या? म्हणून गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये (गिटहबची सीआय सेवा) वर्कफ्लोलाच, म्हणजे जॉबच्या (कामांच्या) अख्ख्या संचालाच, पाथ्स फिल्टर (ठरावीक फाइल बदलल्या तरच चालव, ही अट) लावतात, आणि तिथेच गाडी अडते. फिल्टरमुळे वर्कफ्लो सुरूच झाला नाही, तर त्यातला सक्तीचा चेक (पास झालाच पाहिजे असा) 'पेंडिंग' राहतो, हाच तो पिवळा ठिपका, आणि मर्ज, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये घेणं, बंद. तीच अट जॉबवर 'इफ'ने घातली, तर वगळलेला जॉब यशस्वी धरला जातो.

पण हे दुधारी आहे. शेवटचा सक्तीचा जॉब 'नीड्स'ने बाकीच्यांवर अवलंबून असेल आणि त्यातला एक जरी पडला, तर शेवटचा आपोआप वगळला जातो. म्हणजे पास! त्यामुळे त्यावर 'ऑलवेज' (काहीही झालं तरी चालव) लावा आणि आत प्रत्येक जॉबचा निकाल तपासा: 'फेल्युअर' किंवा 'कॅन्सल्ड' दिसला की एक्झिट १, म्हणजे हा जॉबही नापास.

जड टेस्ट लेबल लावल्यावरच चालवायच्या असतील, तर वर्कफ्लो कोणत्या घटनेवर सुरू व्हावा त्या यादीत 'लेबल्ड' हा प्रकार स्वतः लिहावा लागतो. पुल रिक्वेस्टच्या मूळ ३ प्रकारांत (ओपन्ड, सिंक्रोनाइझ, रीओपन्ड) तो नसतो. आणि लिहिताना हे ३ही परत लिहा. नाहीतर नव्या पुशवर (नवा कोड चढवल्यावर) काहीच चालत नाही, आणि बसा शोधत.