उगवलं म्हणजे एडिट झालं?

कॅस९ या जीन कापणाऱ्या प्रथिनाने गॅनोडर्मा या औषधी बुरशीचा युरा३ जीन तोडायचा प्रयत्न केला. आता ५-एफओए हे रसायन घातलेल्या प्लेटवर तिचे सात-आठ पांढरे ठिपके. लगेच वाक्य येतं, "झालं, जीन तुटला!"

घाई नको. युरा३ जीन बंद पडला की बुरशी ५-एफओएपासून विष बनवू शकत नाही, म्हणून जगते. खरं आहे. पण हा जीन आपोआपही बिघडतो, आणि ठिपके अगदी तसेच दिसतात! म्हणून कॅस९ न दिलेल्या प्रोटोप्लास्टची (भित्तिका काढलेल्या पेशींची) प्लेट शेजारी हवीच. माध्यमात युरिडीन (युरा३ बंद पडल्यावर बुरशीला बाहेरून लागणारं पोषक) विसरलात, तर खरे एडिट उपाशी मरतात.

खरी गोम मात्र केंद्रकांत. नेहमीचा गॅनोडर्मा द्विकेंद्री, म्हणजे एका पेशीत दोन केंद्रकं: एका केंद्रकातला जीन कापला तरी दुसऱ्यातला काम करत राहतो. एका बीजाणूपासून वाढवलेला एककेंद्री वाण घ्या. तरीही पहिली वसाहत मिश्र असू शकते, काही केंद्रकं एडिट झालेली, काही नाही. तंतूचं टोक कापून दोन-तीनदा नव्या प्लेटवर न्या, मगच पीसीआर आणि सिक्वेन्सिंगने जीन तपासा.

पुढे लॅनोस्टेरॉल या कच्च्या द्रव्यापासून गॅनोडेरिक आम्लाकडे (या बुरशीतल्या औषधी द्रव्याकडे) नेणारा सीवायपी५१५०एल८ हा जीन बंद केला आणि आम्ल घटलं, तर ते मार्ग अडल्यामुळे, की बुरशीच खुरटल्यामुळे? एचपीएलसीचा (आम्ल मोजणाऱ्या चाचणीचा) आकडा कोरड्या वजनाने भागला होता का?