तुम्ही विचारलंत म्हणून: बुडख्यावरचा शेंदूर

फड पेटवून ऊस तोडला की आठवडाभरात मला फोन येतो. मांजरेच्या काठची गावं, ओळखीचे सगळे ऊसवाले. आणि मी कॉलेजात बुरशी शिकवतो, एवढं त्यांना पुरे. “सर, बुडख्यांला शेंदूर फासल्यागत झालंय. खोडव्याला रोग तर न्हाई ना?”

नाही. ती न्यूरोस्पोरा नावाची बुरशी. जळून मेलेल्या कांड्यातल्या साखरेवर जगते. तिचे एका प्रकारचे बीजाणू मातीत निपचित पडून असतात, ते धग लागली की जागे होतात. प्रयोगशाळेत आम्ही ते ६० अंशांवर अर्धा तास तापवतो. हिच्याच बहिणीवर, म्हणजे जवळच्या जातीवर, काम करून बीडल आणि टेटम हे जनुकशास्त्रज्ञ १९५८ च्या नोबेलपर्यंत गेले. (बीडल. बीडशी संबंध नाही, दरवर्षी कुणीतरी विचारतं.)

फोन इथं संपायला हवा. माझा संपत नाही.

कारण त्या शेंदराचा कण न् कण म्हणजे सुटा बीजाणू, आणि त्याला सुटं राहायचं नसतं. शेजारी रुजलेले दोन कोंब एकमेकांकडे वळतात, भिडतात, मधली भिंत विरते, दोघांचा जीवरस एक होतो. वळतात कसे, हे मला सगळ्यात आवडतं. एकाच्या टोकाशी मॅक-२ हे प्रथिन जमतं तेव्हा समोरच्याच्या टोकाशी ‘सॉफ्ट’ नावाचं. काही मिनिटांत अदलाबदल. जणू एक बोलतो, दुसरा ऐकतो, मग पाळी बदलते. ‘सॉफ्ट’चं जनुक मोडलं तर बीजाणू रुजतो, तंतू निघतो, पण कुणालाच भिडत नाही. वर उठणारे तंतूही खुरटे राहतात. धडधाकट बुरशीत मात्र जुळलेल्या तंतूंच्या सगळ्या जाळ्यातून रसद टोकाकडे वाहते, केंद्रकंसुद्धा; टोक तासाला ३-४ मिलिमीटर सरकतं.

आणि परका भिडला तर? किमान १० जनुकस्थानं ओळख तपासतात. एकाही ठिकाणी जुळलं नाही की जोडलेली पेशी मरते आणि तंतूतल्या आडभिंतींची भोकं बुजतात.

हे चुलत्यांना सांगितलं. त्यांचा बांधावरून १५ वर्षं दावा चालू आहे. “म्हंजी बुरशीत भावकी एक होती, अन् परक्याला दार बंद,” ते म्हणाले. “आपल्यात उलटंच की रे.” मग जरा थांबून, “पण ते पाय लागला की लई उडतंय. खोकला?”

तोंडाला उपरणं बांधा तात्या, म्हटलं.