मोठे कंदील का थांबले

"ते मोठे गोल कंदील परत कधी करणार?" मी कागदी कंदील बनवून विकते, आणि गिऱ्हाइकांकडून हा प्रश्न आला की आजवर एका ओळीत उत्तर देत आले: सध्या पाठवता येत नाहीत, क्षमस्व. त्यावर लगेच पुढचं येतं. "दुसरा कुरिअर बघा ना." "ताई, शिपिंग आम्ही देतो, तुम्ही फक्त पाठवा." आणि ज्याचा मला खरंच त्रास होतो ते, "आता सगळे घडीचेच, मिटून चपटे होणारे करता, सोपं पडत असेल." सोपं पडत नाही. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

मोठ्या कंदिलाचा व्यास ४५ सेंटीमीटर. कागद आणि बांबूच्या कामट्या मिळून त्याचं वजन ७०० ग्रॅमच्या आसपास. चारी बाजूंनी, वर आणि खाली अडीच-अडीच सेंटीमीटर मऊ भर धरली, तर खोका ५० × ५० × ५० चा लागतो. हा रिकामा खोकाच कंदिलापेक्षा जड असतो. तरी सगळं मिळून पार्सल दोन किलोंच्या आतबाहेर राहतं. पण कुरिअर कंपन्या नुसतं वजन बघत नाहीत. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. येतं ते व्हॉल्युमेट्रिक वजन. खरं वजन आणि हे, यांतलं जे जास्त त्यावर बिल. माझ्या खोक्याचा गुणाकार १,२५,००० येतो, म्हणजे २५ किलो. दोन किलोंच्या वस्तूला २५ किलोंचा दर.

"दुसरा कुरिअर" म्हणणाऱ्यांना म्हणून सांगते की फरक कंपनीच्या नावात फारसा नाही. कोणी ६००० ने भागतं, तेव्हा २५ चे २१ होतात. काही टपाल सेवा ठरावीक आकारापर्यंत फक्त वजनावर पैसे घेतात, आणि लहान वस्तू विकणाऱ्यांनी आधी तीच चौकशी करावी. माझा खोका त्या आकाराच्या फार पुढे जातो.

"मग थोडा लहान करा" असंही सुचवतात. केला. ३० सेंटीमीटरच्या कंदिलाला ३५ चा खोका लागतो आणि हिशेब साडेआठ किलोंच्या थोडा वर जातो. व्यास एक तृतीयांशाने कमी केला तर बिल जवळजवळ एक तृतीयांशावर आलं. वाचायला छान वाटतं, पण ३० चा कंदील मोठ्या खोलीत टांगून बघा. तो हरवतो. ज्यांनी ४५ चा मागितला होता त्यांनी ३० चा घेतला नाही, आणि त्यांचं बरोबर होतं.

एके काळी मी भेटेल त्याला सांगत असे की हवेचे पैसे घेणं ही लूट आहे. आज तसं म्हणवत नाही. ५००० चा अर्थ असा, की कंपनी एका घनमीटर जागेत २०० किलो माल धरते. माझे कंदील त्याच जागेत १६ किलो भरतात. गाडी वजनाने भरायच्या कितीतरी आधी जागेने भरते, आणि माझ्या खोक्याने अडवलेल्या जागेत कोणाची तरी पुस्तकं गेली असती. हा नियम विमानाच्या मालवाहतुकीत जुनाच आहे. अमेरिकेत जमिनीवरून जाणाऱ्या पार्सलांपैकी तीन घनफुटांहून मोठ्यांनाच तो लागू होता; २०१५ सुरू होता होता यूपीएस आणि फेडेक्स या कुरिअर कंपन्यांनी तो सगळ्याच पार्सलांना लावला. ऑनलाइन खरेदीमुळे मोठमोठ्या खोक्यांत चिमुकल्या वस्तू जाऊ लागल्या होत्या. नियमामागचं कारण मला पटतं. नियम लावण्याच्या पद्धतीशी मात्र माझं भांडण आहे, आणि ते का, हे सांगितल्याशिवाय मोठे कंदील का थांबले ते कळणार नाही.

एका वाचनालयाच्या नव्या वाचनकक्षासाठी मोठ्या कंदिलांची ऑर्डर आली. तिथल्या ग्रंथपालबाई अतिशय व्यवस्थित. एका कंदिलाचे २५ किलो धरून वाहतुकीचा आकडा मी त्यांना आधीच कळवला होता. त्यांनी समितीसमोर ठेवून मंजूर करून घेतला. म्हणजे "शिपिंग आम्ही देतो" हे प्रत्यक्षात घडलं होतं. पाच प्लायचे, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याचे नवे खोके घेतले. जुने वापरले नाहीत, कारण एकदा दुमडून, दाबून, ओलसर होऊन गेलेला पुठ्ठा दिसायला धड असला तरी वरचं ओझं पेलत नाही. वर-खाली मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांवर, इंग्रजी एच अक्षरासारखी टेप मारली. कंदील आत हलत नाही हे प्रत्येक खोका हलवून पाहिलं. टेप लावून झाल्यावर तिन्ही बाजू मोजल्या, मोजपट्टीसकट फोटो काढले. सगळे ५० भरले.

पार्सलं पोहोचली. नंतर कुरिअर कंपनीकडच्या माझ्या खात्यातली शिल्लक घटलेली दिसली. प्रत्येक पार्सलच्या वजनात फरक दाखवून पैसे परस्पर वळते केले होते. हबमधल्या, म्हणजे पार्सलं एकत्र येतात त्या केंद्रातल्या मशीनने खोके ५३ × ५३ × ५१ मोजले होते. गुणून, भागून, वर पूर्ण करून २९. बाजूला तीन सेंटीमीटर वाढले आणि दर खोक्यामागे चार किलो चढले. हे कसं होतं ते मला तोवर चांगलं माहीत होतं. खोक्याचा बहुतेक जोर चार उभ्या कडांत असतो; मधली भिंत जितकी रुंद तितकी ती ओझ्याखाली बाहेर येते. पार्सलवर पार्सल रचलं की खोका पोटातून फुगतो. मशीन प्रकाशाने सर्वांत बाहेरचा बिंदू पकडतं. माझ्या हातून गेला तेव्हा तो ५० चाच होता. त्यांच्या गाडीत, त्यांनी रचलेल्या ओझ्याखाली तो ५३ चा झाला.

तक्रार केली, फोटो जोडले. उत्तर आलं की फोटोत मोजपट्टी आणि पत्त्याचं लेबल एकत्र दिसत नाही, त्यामुळे हा तोच खोका आहे असं मानता येत नाही. तसे फोटो काढावेत असं कुठे लिहिलेलं मला तोवर सापडलेलं नव्हतं. मशीनचं माप अंतिम, आणि तक्रार बंद.

त्याच सुमारास ग्रंथपालबाईंनी फोटो पाठवले. दोन कंदिलांच्या कामट्या एका बाजूने आत दबून मोडल्या होत्या, कागदाला घडी पडली होती. बाहेरून खोके फाटले नव्हते. भरपाईचा अर्ज मी वेगळ्या विभागाकडे केला. तिथून उत्तर आलं की बाहेरच्या वेष्टनावर दाबाच्या खुणा नाहीत, नुकसान अपुऱ्या पॅकिंगमुळे झालं आहे, अर्ज नामंजूर.

दोन्ही पत्रं मी शेजारी शेजारी ठेवून वाचली. एकाच कंपनीच्या एका विभागाने खोका फुगला म्हणून माझ्याकडून पैसे घेतले होते. दुसऱ्याने त्याच खोक्यावर दाब आलाच नाही असं लिहून दिलं होतं. मी ही दोन्ही पत्रं जोडून पुन्हा लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही.

बाई फोनवर म्हणाल्या, "ते दोन नाही लावले तरी चालतील आम्हाला, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." मला ते चालणार नव्हतं. दोन नवे कंदील केले आणि स्वतः नेऊन दिले. तोवर त्या ऑर्डरमध्ये माझ्या मेहनतीचं म्हणून काही उरलं नव्हतं. फरकाची रक्कम आणि हा प्रवास यांत सगळं गेलं. बाई फरक द्यायला तयार होत्या. पण समितीने एकदा आकडा मंजूर केल्यावर त्यांच्यासमोर पुन्हा हात पसरायचा, तोही कुठल्याशा मशीनच्या मापासाठी, हे मला जमलं नाही. वाचनकक्षात ते कंदील उजळले तेव्हा मन भरून आलं. असं काम मी थांबवणार आहे हे मला तिथे उभं असतानाच कळलं होतं, आणि ते मला मुळीच नको होतं.

म्हणून "शिपिंग आम्ही देतो" म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणते. तुम्ही मनापासून म्हणता याची मला शंका नाही. पण किती द्यायचे हे मला तुम्हाला आधी सांगताच येत नाही. पैसे घेऊन झाल्यावर, वस्तू पोहोचल्यावर आकडा बदलतो. आणि वस्तू मोडली तर तुमच्या हाती मोडका कंदील आणि माझ्या हाती एक पत्र.

आता घडीच्या कंदिलांबद्दल. ही युक्ती माझी नाही. जपानमधल्या गिफू शहरात कंदील बनवताना लाकडी साच्यावर बारीक बांबू गोल गोल गुंडाळतात, त्यावर कागद चिकटवतात आणि वाळल्यावर साचा सुट्टा करून तोंडातून तुकड्या-तुकड्याने बाहेर काढतात. उरतो तो कंदील मिटतो. १९५१ मध्ये शिल्पकार इसामू नोगुची तिथे गेले आणि त्याच कारागिरीतून त्यांनी 'अकारी' नावाचे दिवे घडवायला सुरुवात केली. तेही सपाट मिटून पाठवता येतात. म्हणजे घडी हा कंजूषपणा असतो असं म्हणणाऱ्यांनी आधी तिथला एखादा कंदील बघावा.

माझा ४५ चा कंदील मिटला की ४७ × ४७ × ६ च्या चपट्या खोक्यात बसतो. २५ किलोंचे २.६५ होतात, आणि वजन अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्याने वर नेतात म्हणून तीन धरले जातात. खोक्याची उंची ६ वरून ५ वर आणली तर तोच हिशेब २.२ वर येतो आणि बिल अडीचचं होतं. त्या एका सेंटीमीटरसाठी मी कामट्यांची जाडी बदलली, बल्बचा होल्डर वेगळा केला, आत वर-खाली कडक पुठ्ठा घातला. चपटा खोका फुगतही नाही, कारण आत फुगायला रिकामी जागाच नाही. साचा करणं, तो सुट्टा होईल असा कापणं, कागद घडीवर फाटणार नाही इतपत लवचीक ठेवणं, हे सगळं मला नव्याने शिकावं लागलं. सोपं पडत असेल म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे.

तरीही हे लिहिताना मी स्वतःशीच भांडते आहे. वाचनालयाच्या ऑर्डरच्या आधी मी एका नवख्या विक्रेतीला ठासून सांगितलं होतं, "पार्सलसाठी वस्तू बदलायची नाही, वस्तूसाठी पार्सल बदलायचं." ते वाक्य मी आजही पुरतं चुकीचं मानत नाही. मोठ्या पक्क्या, म्हणजे न मिटणाऱ्या कंदिलात मी कागदाचे थर कमी-जास्त लावू शकत होते; प्रकाश कुठे दाट, कुठे विरळ पडे. घडीच्या कंदिलात कागद सगळीकडे सारखाच पातळ ठेवावा लागतो आणि भिंतीवर कामट्यांच्या रेघा पडतात. काहींना त्या रेघाच आवडतात. मला त्या दिसल्या की मधे गमावलेलं आठवतं. पण न पाठवता येणारा सुंदर कंदील कोणासाठी करायचा, हा प्रश्नही खराच आहे, आणि त्याला त्या जुन्या वाक्यात उत्तर नाही.

जे स्वतः विकतात त्यांच्यासाठी, कारण तुमचेही प्रश्न येतातच: खोका शेवटी शोधू नका, वस्तू ठरवतानाच ठरवा. दोन-तीन मापंच ठेवा आणि वस्तू त्यांत बसवा. उंच पडला तर उभ्या कडा कापून, दुमडून खोका बुटका करा; ती पाच मिनिटं वाया जात नाहीत. कापड, चामडं असल्या न मोडणाऱ्या वस्तूंना खोका लागतच नाही, चिवट पिशवी पुरते. माप टेप लावल्यावर, जिथे फुगीर आहे तिथून घ्या. लेबल, मोजपट्टी आणि वजनकाटा एकाच फोटोत येऊ द्या, प्रत्येक वेळी. 'नाजूक' असं छापलेल्या स्टिकरवर विसंबू नका, पट्ट्यावरून पार्सलं सरकवणारं मशीन ते वाचत नाही. दमट हवेत पुठ्ठा बराच जोर गमावतो, तेव्हा खोके जमिनीवर साठवू नका. आणि भरपाईच्या अटी पार्सल पाठवण्याआधी वाचा. कागदी, काचेच्या, मातीच्या वस्तू त्यांत बहुधा वगळलेल्या असतात.

सध्या मी मोठा कंदील दोन अर्ध्या गोलांत करून बघते आहे. अर्धे गोल एकात एक बसतात, त्यामुळे दोन कंदिलांचे चार भाग ५० × ५० × ३६ च्या खोक्यात जातात. दोघांचे मिळून १८ किलो, म्हणजे एकाचे ९. कागदाचे थर मला हवे तसे लावता येतात. पण मधला सांधा उजेडात काळा दिसतो आणि तो अजून माझ्या मनासारखा लपत नाही. शिवाय ज्याला एकच कंदील हवा आहे त्याला १८ पैकी फार काही वाचवता येत नाही. सांधा जमला तर कळवेन. तोवर ज्यांना पक्का मोठा कंदील हवाच आहे आणि जे स्वतः येऊन नेऊ शकतात, त्यांच्यासाठी मी तो आजही करते. येताना गाडीची मागची सीट रिकामी ठेवा आणि कंदिलावर दुसरं काही ठेवू नका.