माणसामागे किती मिळतात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लग्नाच्या पंगतीत, रिक्षात, एकदा तर रेशनच्या रांगेत हाच प्रश्न आला आहे. ‘पास्टर, खरं सांगा, एक माणूस ख्रिस्ती केला की त्याच्यामागे तुम्हाला किती पैसे मिळतात?’ (काही जण ‘फादर’ म्हणतात. मी प्रोटेस्टंट पाळक; फादर कॅथलिक, ते लग्न करत नाहीत, आम्ही करतो. मागे उभ्या असलेल्या बायकोची ओळख करून दिली की तेच चपापतात.)

कुर्ल्याला मिठीच्या काठच्या झोपडपट्टीत, दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलीत आमची मंडळी, म्हणजे रविवारची उपासना, भरते. बाकं नाहीत, सतरंजी. पेटी आणि टाळ. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं लागली की चाल इतकी ओळखीची, की शेजारच्या आजी पहिल्या रविवारी हरिपाठ समजून येऊन बसल्या होत्या. अर्पणाच्या थाळीत सहाशे-सातशे रुपये पडतात. त्यात भाडंही निघत नाही. मी शिकवण्या घेतो, बायको नर्स आहे. हिशेब एवढाच.

पण एवढं सांगून मी सुटत नाही. माझे पणजोबा 1899-1900 च्या दुष्काळात नगर जिल्ह्यात मिशनच्या दारी आले, ते तिथलेच झाले. भाकरी आधी की ख्रिस्त आधी, यावर आमच्या घरात कधी कोणी तोंड उघडलं नाही. त्यामुळे तुमचा प्रश्न मला झोंबतो, पण खोटा वाटत नाही.

आणि चूक मीही केली. 26 जुलै 2005. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस, आमच्या गल्लीत पाणी माळ्यापर्यंत. नंतर एका मोठ्या चर्चने तांदूळ, डाळ, चादरी पाठवल्या. मी त्या रविवारी उपासनेनंतर, त्याच खोलीत वाटल्या. चौदा माणसांची मंडळी नव्वदवर गेली, लोक गटाराच्या कठड्यावर उभे राहून आमेन म्हणायचे. मी तो आकडा मोठ्या अभिमानाने पाठवणाऱ्यांना कळवला. दिवाळीपर्यंत उरले सतरा. नळावर एक जण भेटला, हसून म्हणाला, ‘चादरी संपल्या ना, पास्टर.’ त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मी जे मागितलं होतं ते त्याने दिलं होतं. तेव्हापासून धान्य आलं की मधल्या वारी, बचत गटाच्या बायकांच्या हातून वाटलं जातं. तिथे गाणं नाही, प्रार्थना नाही, मीही नाही.

ही अक्कल काही नवी नव्हती. अमेरिकन मराठी मिशनने 1927 च्या सुमारास मुंबईत नागपाड्यात नेबरहूड हाऊस हे समाजसेवा केंद्र काढलं ते सगळ्या धर्मांच्या शेजाऱ्यांसाठी. तिथेच 1936 साली समाजकार्याचं शिक्षण सुरू झालं, त्याचीच पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाली. माणसं मोजायच्या वहीत हे कुठे लिहिणार?

आता उलटा हिशेब ऐका, तो कोणी विचारत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्या जातीच्या सवलती जातात. शीख झाला किंवा बौद्ध झाला तर आता जात नाहीत. आमच्याकडे एक बाई येतात, चार घरची धुणीभांडी करतात. बायबलमधली अर्धी स्तोत्रं त्यांना तोंडपाठ, लिहिता-वाचता येत नसताना. एकदा म्हणाल्या, ‘पास्टर, पोराची स्कॉलरशिप संपू दे, मग बाप्तिस्मा घेते.’ चर्चमधल्या वरिष्ठांपैकी कोणी म्हणालं, हा विश्वास कच्चा. मला तसं वाटलं नाही. मी ‘बरं’ म्हटलं आणि विषय सोडला.

नदी रुंद करताना त्यांचं घर तुटलं, मानखुर्दला सातव्या मजल्यावर खोली मिळाली. लिफ्ट बंद असते. तरी रविवारी लोकल पकडून येतात आणि दाराजवळ, चपलांच्या ढिगाशेजारी बसतात. पोरगा पदवीधर होऊन तीन वर्षं झाली. बाप्तिस्म्याचं त्यांनी अजून काढलेलं नाही, मीही विचारलेलं नाही.